खोलीत रचलेलं संगीत

दोन तबकड्या एकाच वेळी फिरत असतात आणि समोर नाचणाऱ्या माणसांना एकच संगीत ऐकू येत असतं. दुसरी तबकडी नेमकी कधी आत शिरली, हे त्यांच्यातल्या कुणालाही सांगता येणार नाही. टेक्नो वाजवणाऱ्या डीजेचं काम इथून सुरू होतं. पुढच्या पानांत वाचकाला डेट्रॉइट, बर्लिन आणि टोकियो भेटतील, लेबलांची आणि यंत्रांची नावं भेटतील. पण त्याआधी क्लबच्या कोपऱ्यात उभा असलेला तो माणूस करतो तरी काय, हे नीट समजून घ्यायला हवं. ‘दुसऱ्यांच्या रेकॉर्ड लावतो’ एवढ्यावर आपण त्याची बोळवण करतो. हा त्याच्यावर अन्याय आहे आणि तो दूर व्हावा, एवढ्याचसाठी मी ही प्रस्तावना लिहायला घेतली.

हातांचं काम आधी पाहू. टेक्नोची गती मिनिटाला साधारण १२५ ते १४० ठोके असते. ती १३५ धरली, तर एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम ०.४४ सेकंद जातात. दोन रेकॉर्डचे किक ड्रम, म्हणजे खालचे जड ठोके, सेकंदाच्या तिसाव्या भागाने जरी पुढेमागे झाले, तरी ठोका आधी जाड, मग दुहेरी, मग लंगडा लागतो आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० एमके२ हे टर्नटेबल १९७९ साली आलं आणि जगभरच्या क्लबांत ठाण मांडून बसलं. त्याच्या उजव्या कडेला एक सरकती पट्टी आहे. तिने गती आठ टक्क्यांपर्यंत वर किंवा खाली नेता येते. डीजेचा एक कान खोलीतल्या आवाजाकडे असतो, दुसऱ्या कानावर हेडफोन, आणि त्यात पुढची रेकॉर्ड वाजत असते. पट्टीने गती जुळली, तरी ठोक्यावर ठोका बसतोच असं नाही. तो बसवायला तबकडीच्या कडेला बोटाने हलकासा अटकाव करायचा किंवा मधल्या लेबलवर बोट टेकून तिला किंचित पुढे ढकलायचं. एवढं करूनही दोन्ही रेकॉर्ड हळूहळू एकमेकींपासून सुटत राहतात, त्यामुळे हात तिथून हलवून चालत नाही.

मग मिक्सरची पाळी. दोन बेस एकत्र आले की आवाज गढूळ होतो, म्हणून नव्या रेकॉर्डचा खालचा भाग बंद ठेवून तिचे हाय-हॅट, म्हणजे झांजेचे आवाज, तेवढे आत सोडायचे. नाचणाऱ्याला वाटतं, चालू ट्रॅकमध्येच काहीतरी चमकून गेलं. आठ किंवा सोळा आवर्तनं गेली की नेमक्या पहिल्या ठोक्यावर जुन्या रेकॉर्डचा बेस काढून घ्यायचा आणि नव्या रेकॉर्डचा द्यायचा. हा क्षण साधला तर खोलीभर एक हुंकार उठतो. चुकला तर दुरुस्तीला सवड नसते.

या संगीतावरचा ठरलेला आक्षेप म्हणजे ‘तेच तेच’. मराठी वाचकाला त्याचं उत्तर आपल्याच मैफलीत सापडेल. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. एकच ओळ, तासभर. तिला कुणी कंटाळवाणी म्हणत नाही. ती जागची हलत नाही म्हणूनच तबलजीने मात्रा कुठे दाबली, कुठे मोकळी सोडली आणि समेवर कसा उतरला, हे आपल्याला कळतं. टेक्नोत हे काम किक ड्रम करतो. तो अढळ राहतो, म्हणून कान वरच्या थरांकडे वळतो: हाय-हॅट अर्ध्या मात्रेने सरकली, टाळीचा घुमारा लांबला, एखादा बंद दबलेला स्वर दोन मिनिटांत इंचाइंचाने उघडत गेला. हे बदल बारीक असतात. कान त्यांच्यावर लागला की तासभर कसा गेला ते कळत नाही.

या कामाचा नमुना म्हणून एकच माणूस निवडायचा, तर मी जेफ मिल्सचं नाव घेईन. जन्म १९६३, गाव डेट्रॉइट. मोटारींच्या कारखान्यांवर उभं राहिलेलं आणि ते कारखाने हलत-मिटत गेल्यावर रिकामं होत गेलेलं हे शहर. १९५० साली तिथे साडेअठरा लाख माणसं राहत होती. १९९० च्या जनगणनेत ती दहा लाखांच्या थोडी वर उरली. शहराचा मानबिंदू असलेली मोटाऊन ही रेकॉर्ड कंपनीही १९७२ साली लॉस एंजेलिसला निघून गेली होती. अशा शहरात हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय मित्रांनी स्वस्तात मिळणाऱ्या सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर एक नवं नृत्यसंगीत घडवलं. ॲटकिन्सने १९८५ मध्ये मॉडेल ५०० या नावाने ‘नो यूएफओज’ काढलं. १९८८ मध्ये लंडनहून निघालेल्या एका संकलनाच्या शीर्षकात ‘टेक्नो’ हा शब्द आला आणि संगीताला नाव मिळालं.

मिल्स या तिघांच्या मागोमाग आला, आणि आला तो रेडिओवरून. ऐंशीच्या दशकात तो ‘द विझर्ड’ या नावाने डेट्रॉइटच्या रेडिओ केंद्रांवर रेकॉर्ड मिसळत असे. हिप-हॉप, इलेक्ट्रो, शिकागोचं हाउस, सगळं भराभर, कापून-जोडून. रेडिओवर श्रोता बटण फिरवायला टपलेला असतो, म्हणून एकाच गाण्यावर रेंगाळणं परवडत नाही. तिथे हाताला लागलेली ही चपळाई त्याला पुढे जन्मभर पुरली. १९८९ च्या सुमारास त्याने माइक बँक्सबरोबर ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ सुरू केलं. रॉबर्ट हूड त्यांना येऊन मिळाला. हा गट चेहरे झाकून वावरायचा, मोठ्या कंपन्यांना दूर ठेवायचा, आपल्या रेकॉर्ड आपणच काढायचा. काही वर्षांतच मिल्स तिथून बाहेर पडून न्यूयॉर्कला गेला आणि १९९२ मध्ये त्याने ‘ॲक्सिस’ हे स्वतःचं लेबल उभं केलं. त्याच्या आयुष्याचा सविस्तर आलेख इथे काढण्याची गरज मला वाटत नाही. त्याचं खरं चरित्र त्याच्या सेटमध्ये आहे.

असा एक सेट सुदैवाने जतन झालेला आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या शिंजुकू भागातल्या लिक्विड रूम या क्लबात मिल्स वाजवत होता. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी सीडीवर आलं. लांबी तासापेक्षा थोडी जास्त, आणि तेवढ्यात पस्तिसाहून अधिक ट्रॅक. म्हणजे सरासरीने एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत. टर्नटेबल तीन, त्यामुळे एका वेळी दोन आवाज कायम आणि तिसरा येण्याच्या किंवा जाण्याच्या बेतात. सीडी काढताना ती घासूनपुसून गुळगुळीत करता आली असती. तसं केलेलं नाही. तबकडी मागे ओढल्याची खरखर त्यात आहे, गर्दीचा आरडाओरडा आहे, ठेका क्षणभर सुटून पुन्हा पकडल्याच्या जागाही आहेत. मला या जागा फार मोलाच्या वाटतात. त्या ऐकताना कळतं की हे संगीत आधी कुठेही तयार नव्हतं. ते त्या माणसाच्या हातून, त्या गर्दीसमोर, त्या मिनिटाला रचलं जात होतं.

त्या तासात डेरिक मेची १९८७ ची ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ येते. पियानो आणि व्हायोलिनांच्या आवाजाची ही रचना टेक्नोच्या इतिहासात सर्वांत लाडकी असेल, आणि तिचं वैशिष्ट्य म्हणजे तिला बेसलाइनच नाही. एकटी वाजवली तर ती हवेत तरंगते. दुसऱ्या रेकॉर्डच्या जड किकवर ठेवली की तिला जमीन मिळते, आणि ही जमीन कुठली द्यायची, हे डीजे ठरवतो. मेने तयार केलेली वस्तू आणि मिल्सने त्या रात्री ऐकवलेली वस्तू या दोन निराळ्या रचना आहेत. मिल्सची स्वतःची ‘द बेल्स’ही त्या सेटमध्ये आहे. घंटेच्या नादाची एक छोटी आकृती, पुन्हा पुन्हा, थांबायचं नाव नाही. पुढे ती जगभर गाजली.

ही रचना खोलीतच का होते, घरी बसून का नाही, याला कवित्वाच्या पलीकडचं साधं कारण आहे. टेक्नोच्या किक ड्रमचा पाया ५० हर्ट्झच्या आसपास असतो. या स्वराची लाट हवेत जवळपास ७ मीटर लांब असते. छोट्या क्लबात भिंतीपासून भिंत कधी कधी तेवढीच असते. लाट भिंतींवर आपटून परत येते, काही जागी स्वतःतच मिळून दुप्पट होते, काही जागी स्वतःलाच पुसून टाकते. शिवाय माणसांची शरीरं आणि कपडे वरचे आवाज पिऊन घेतात. संध्याकाळी रिकाम्या खोलीत जुळवलेला आवाज मध्यरात्री भरलेल्या खोलीत तसा राहत नाही. डीजेला या सगळ्याशी जुळवून घ्यावं लागतं. हाय-हॅट वाढवावी लागते, बेस आवरता घ्यावा लागतो, कुठली रेकॉर्ड या भिंतींत फुलते आणि कुठली चिखल करते, हे शिकावं लागतं. म्हणून एकाच क्लबात वर्षानुवर्षं वाजवणारा स्थानिक डीजे मला पाहुण्या नामवंताइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याला आपल्या खोलीचा स्वभाव माहीत असतो.

टेक्नोचा इतिहास अशा खोल्यांनीच घडवला आहे. डेट्रॉइटमध्ये १९८८ साली ब्रॉडवेवर ‘म्युझिक इन्स्टिट्यूट’ उघडला. तिथे दारू मिळत नसे. अंधार, एक स्ट्रोब दिवा आणि संगीत, बस्स. जेमतेम दीड वर्ष चाललेल्या त्या जागेत डेट्रॉइटच्या तरुण निर्मात्यांना आपल्या ताज्या ट्रॅकचं खरं माप पहिल्यांदा कळलं. भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनमध्ये दिमित्री हेगेमान आणि त्याच्या साथीदारांना लाइपझिगर रस्त्यावर जुन्या वर्टहाइम दुकानाची तळघरातली तिजोरी सापडली. वर्टहाइम हे ज्यू कुटुंबाचं प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर. नाझी काळात ते त्या कुटुंबाच्या हातून गेलं, युद्धानंतर इमारत राहिली नाही, तिजोरी मात्र जमिनीखाली तशीच राहिली होती. १९९१ च्या मार्चमध्ये तिथे ‘ट्रेझोर’ क्लब सुरू झाला. बुटकं छत, गंजलेले लोखंडी कप्पे, जाड गजांची दारं. याच क्लबच्या लेबलवरची पहिली रेकॉर्ड मिल्स, बँक्स आणि हूड यांची होती, एक्स-१०१ या नावाने काढलेली. १९९२ मध्ये मिल्सचा ‘वेव्हफॉर्म ट्रान्समिशन’चा पहिला खंडही ट्रेझोरनेच काढला. तो ऐकताना अंगावर येतो. इतकं करकरीत, इतकं वेगवान संगीत कुणाला का हवंसं वाटावं, असा प्रश्न घरातल्या स्पीकरवर पडू शकतो. लोखंडी कप्प्यांच्या त्या तळघराची कल्पना केली की पडत नाही. जर्मनीने २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं, याचा मला आनंद आहे. मात्र त्या वारशात डेट्रॉइटचा हिस्सा किती मोठा आहे, हे दर वेळी मोठ्याने सांगितलं गेलं पाहिजे.

डीजे आणि प्रोड्यूसर हे एकाच माणसाचे दोन हात कसे असतात, याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला एका खाचेत दिसतं. साधारण रेकॉर्डवर खाच बाहेरून आत गुंडाळत जाते. पण ती मध्येच गोल बंद केली तर सुई त्याच वर्तुळात फिरत राहते, कुणी उचलेपर्यंत. डेट्रॉइटमध्ये तबकड्यांची मूळ प्रत कापणारा रॉन मर्फी नावाचा कसबी कारागीर होता. त्याच्या यंत्रावर मिल्स आणि त्याच्या साथीदारांनी अशा बंद खाचा असलेल्या रेकॉर्ड करून घेतल्या. आता गणित पाहा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. त्या फेऱ्यात चार ठोके बसवायचे तर लय मिनिटाला १३३.३ ठोके अशीच ठेवावी लागते. ती एक सूतभर चुकली, तर प्रत्येक फेऱ्यात सांधा ऐकू येणार. म्हणजे टर्नटेबलच्या गतीवरून रचनेची लय ठरली! अशी खाच क्लबात लावली की डीजेच्या हाती न संपणारा एक ठेका येतो आणि उरलेली दोन टर्नटेबलं त्यावर काय हवं ते मांडायला मोकळी राहतात. घरच्या स्टुडिओत बसून मिल्स जे कापून घेत होता, ते शनिवारी रात्री लागणारं हत्यार होतं. त्याच्या ‘पर्पज मेकर’ या दुसऱ्या लेबलच्या नावातच हा उद्देश दिसतो. अशा रेकॉर्ड घरी एकेक ऐकल्या तर अर्धवट वाटतात, कारण उरलेलं अर्धं डीजेने भरायचं असतं.

इथे मुंबईची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती या विषयाच्या अगदी मर्माशी जाते. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे मुंबईतले वादक. १९८२ साली त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. साहित्य तीन रोलँड यंत्रांचं: टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर. राग त्यांनी या यंत्रांवर फिरवले, खाली ८०८ चा चार ठोक्यांचा अखंड ठेका. याच ३०३ च्या किरकिऱ्या, वळणाऱ्या आवाजावर शिकागोच्या फ्यूचर या गटाने पुढे ‘ॲसिड ट्रॅक्स’ केलं, आणि ते बाहेर पडलं १९८७ मध्ये. मुंबईची तबकडी पाच वर्षं आधीची. एकाने दुसऱ्याचं ऐकलं असावं असं मानायला काहीही आधार नाही; दोघांच्या हाती एकच यंत्र आलं आणि दोघांनी आपापली वाट काढली. पण शिकागोच्या रेकॉर्डमधून एक घराणं उभं राहिलं आणि मुंबईची तबकडी धूळ खात पडली. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा जग चकित झालं. यंत्र मुंबईत होतं, कल्पना होती, हात तर फारच तयार होता. माझ्या मते नव्हती ती खोली: दर आठवड्याला तीच माणसं येतील, नवी तबकडी त्यांच्यावर आजमावता येईल, आणि ती ऐकून दुसरा कुणी पुढच्या आठवड्याला आपली घेऊन येईल, अशी जागा. सत्तरी ओलांडल्यावर चरणजित सिंग यांना युरोपातल्या मंचांवर तेच राग वाजवायला बोलावलं गेलं. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. हे उशिरा मिळालेलं कौतुक आठवलं की मला आनंदापेक्षा हळहळच जास्त वाटते.

मिल्सकडे परत वळतो, कारण त्याच्या हातांबद्दल एक गोष्ट राहिली. २००४ च्या ‘एग्झिबिशनिस्ट’ या चित्रफितीत कॅमेरा त्याच्या डोक्यावर, बाजूला, बोटांजवळ लावलेला आहे. चेहऱ्याचं फारसं काम नाही. पाहायचे ते हात. त्यात त्याच्यासमोर रोलँडचं टीआर-९०९ दिसतं. १९८३ चं हे ड्रम मशीन, खाली सोळा बटणांची रांग. प्रत्येक बटण म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाचा सोळावा भाग. बहुतेक जण त्यावर आधी आकृती भरून ठेवतात आणि मग चालू करतात. मिल्स ती चालू असतानाच बदलतो: एक क्लॅप दाबतो, दोन आवर्तनांनी काढून टाकतो, हाय-हॅटची गुंडी किंचित फिरवतो, किक अर्ध्या आवर्तनासाठी गायब करतो आणि परत येतो तो बरोबर पहिल्या ठोक्यावर. यंत्राला ठरलेलं वाजवण्यापलीकडे काही येत नाही, ही समजूत ती चित्रफीत पाहून उरत नाही. नव्या काळातली क्लबची यंत्रं दोन ट्रॅकची गती स्वतःच जुळवतात. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांत मी नाही. जुळवण्याचं ओझं उतरल्यावर मोकळ्या झालेल्या हातांनी डीजे काय करतो, एवढंच मी पाहतो; आणि पुष्कळदा तो काहीच करत नाही, हे मात्र मला बोचतं.

मिल्स पुढे क्लबबाहेरही गेला. फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटासाठी त्याने २००० साली संगीत केलं. २००५ मध्ये फ्रान्समध्ये पाँ द्यु गार या रोमन काळातल्या पुलाच्या साक्षीने मॉन्पेलिएच्या वाद्यवृंदाबरोबर त्याचे ट्रॅक वाजले. फ्रेंच सरकारने त्याला कलाक्षेत्रातला सन्मान दिला. वाद्यवृंदाचे हे प्रयोग भव्य आहेत, पण मला ते लिक्विड रूमच्या तासाएवढे जिवंत वाटत नाहीत. लिहून ठेवलेल्या सुरावटीत मिल्सला ऐन वेळी निर्णय घ्यायला जागा उरत नाही.

ती जागा त्याला पुन्हा सापडली ती टोनी ॲलनबरोबर. गायक-संगीतकार फेला कुटीच्या ठेक्यांचा कणा असलेल्या या नायजेरियन ड्रमवादकासोबत त्याने २०१८ मध्ये ‘टुमॉरो कम्स द हार्वेस्ट’ ही ध्वनिमुद्रिका केली. मिल्स ९०९ वर, ॲलन ड्रमवर, आधी काही ठरवून नाही. २०२० मध्ये ॲलन गेला. त्यातून जमलेला गट मिल्सने मोडला नाही. कीबोर्डवर जाँ-फी दारी होताच. आता ॲलनच्या जागी येऊन बसला प्रभू एदुआर, तबला घेऊन. पंडित शंकर घोष यांच्याकडे शिकलेला हा वादक आणि डेट्रॉइटचा विझर्ड एकमेकांकडे पाहत वाजवतात, तेव्हा कधी ९०९ चा ठेका स्थिर असतो आणि तबला त्यावरून सुटतो, तर कधी तबला एका ठेक्यावर थांबून राहतो आणि मिल्सची बोटं सोळा बटणांवरून फिरायला लागतात.